एका वळणाच्या त्रेचाळीस सह्या

रॅले, नॉर्थ कॅरोलायना
५ डिसेंबर १८७१

प्रिय केझियाताई,

तुझा भाऊ काल विधानसभेत पाऊण तास बोलला. पाऊण तास, ताई, आणि कोणी त्याला खाली बसवलं नाही. समोरच्या बाकांवरचे गोरे आमदार आधी वर्तमानपत्र वाचत होते. दहा मिनिटांनी एकाने ते घडी करून ठेवलं, मग दुसऱ्याने. वर गॅलरीत आपले लोक इतके दाटले होते की शिपायाला दार लावताच येईना. शाळांवर बोललो, दुसरं काय बोलणार? तू म्हणतेसच ना, एनोसला निवडून दिला तरी तो मास्तरच राहणार.

आता कामाचं. नव्या कायद्याप्रमाणे ज्या वस्तीतली चाळीस कुटुंबं मिळून अर्ज करतील, त्या वस्तीला सरकार शाळेची इमारत देणार आणि वर्षातून चार महिने पगारी शिक्षक. अर्ज शिक्षण समितीपुढे यावा लागतो आणि अधिवेशन फेब्रुवारीच्या मध्याला संपतं. दर निवडणुकीत आमची बाजू आकसत चालली आहे, तेव्हा पुढच्या वर्षी ही सोय राहील याची खात्री मी देत नाही. हॉली लँडिंगला शाळा मिळायची तर याच हिवाळ्यात मिळेल.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका वस्तीचा अर्ज आला होता. त्यावर सह्यांच्या जागी नुसत्या फुल्या. समितीत कॉर्बिन म्हणून एक गृहस्थ आहेत, वकील, बोलायला गोड. त्यांनी तो कागद उंच धरला आणि विचारलं, "हे अर्जदार आहेत की कुंपण?" सगळे हसले. अर्ज मंजूर झाला, कारण शेजारी साक्षीदाराची सही असली की फुली कायद्याला चालते. पण ते हसणं माझ्या कानातून जात नाही. म्हणून ताई, आपल्या अर्जावर एकही फुली नको. प्रत्येकाने आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं. दहा जानेवारीपर्यंत कागद माझ्याकडे पोचू दे. पाच आठवडे आहेत. मला तर तू चार दिवसांत शिकवलं होतंस.

तुझा,
एनोस


हॉली लँडिंग
१२ डिसेंबर १८७१

एनोस, अनेक आशीर्वाद.

तुला चार दिवसांत शिकवलं तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि तुझी बोटं बोटांसारखी होती. इथे ज्यांना शिकवायचंय त्यांनी चाळीस-चाळीस वर्षं पाइनच्या बुंध्यांना खाचा पाडून राळ काढली आहे. टाक धरतात तो कुऱ्हाडीसारखा. पहिल्याच दिवशी सात टाक मोडले. आठवा मोडला नाही, तो लॅझरसच्या बोटांना राळेने चिकटून बसला आणि टर्पेंटाइन चोळून सोडवावा लागला. आमदारसाहेबांना पाऊण तास बोलायला काय जातंय?

पण खरं सांगू का, मला इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती. तुझं पत्र रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवलं. कुंपणाची गोष्ट आली तेव्हा टेमार उठली. तीच, लोकांचे कपडे धुऊन तीन पोरं वाढवते, आणि जिच्या तोंडाला आमचे पास्तरसुद्धा लागत नाहीत. म्हणाली, "मी काय कुंपणाची काठी आहे? आण तो टाक इकडे." आणि मग जी रांग लागली ती चर्चमागच्या आपल्या शाळेच्या खोलीपासून पार विहिरीपर्यंत. सकाळी पोरं शिकतात, काम सुटलं की त्यांचे आईबाप. बाकं पोरांच्या मापाची. काल थोरला मोझली बसला आणि बाकासकट खाली गेला. उठला नाही, तिथेच जमिनीवर बसून त्याने नाव पुरं केलं.

शिकवण्याची माझी पद्धत एकच, तुला ठाऊक आहे. मालकाच्या पोरीला शिकवायला मास्तरीण यायची आणि मी मागे उभी राहून माश्या वारायचे. नाव लिहून झालं की ती मास्तरीण शेवटच्या अक्षराखालून एक लांब शेपटी ओढायची, पार पहिल्या अक्षराखाली नेऊन सोडायची. मला वाटायचं, शेपटी नसली तर नाव पुरं होत नाही. आता कळतं की ती नुसती नटवेगिरी होती. पण हात ऐकत नाही. तुझाही कुठे ऐकतो? तर तेच वळण मी सगळ्यांना लावते आहे. शेपटी ओढायची वेळ आली की सगळे श्वास धरतात.

प्रायमसकाकांनी सत्तरी ओलांडली. मी म्हटलं, "काका, तुमच्यापुरती फुली चालेल, मी एनोसला समजावते." म्हातारा म्हणाला, "केझिया, जन्मभर माझ्याबद्दल दुसऱ्यांनीच कागदावर लिहिलं. एकदा मला लिहू दे." मी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं.

शाई संपत आली आहे. ओकच्या गाठी उकळून करते आहे. तू नीट जेवतोस ना? भाषणाने पोट भरत नाही.

तुझी ताई,
केझिया


रॅले
२० डिसेंबर १८७१

प्रिय ताई,

मोझलीचं वाचून मी खानावळीत एकटाच इतका हसलो की मालकिणीने येऊन विचारलं, कॉफीत काही पडलंय का. तुझं पत्र आपल्या बाजूच्या सगळ्या आमदारांना वाचून दाखवलं. त्यांतले निम्मे माझ्यासारखेच पूर्वी शिक्षक होते. सगळे आता रोज विचारतात, "प्रायमसकाका कुठवर आले?" तेव्हा कळव, कुठवर आले.

सोबत टाकाची दोन डझन निबं पाठवली आहेत. मोडू देऊ नकोस असं म्हणत नाही, मोडतील तेवढी मोडू देत.

तुझा,
एनोस


हॉली लँडिंग
६ जानेवारी १८७२

एनोस,

झालं. अर्ज सोबत आहे. त्रेचाळीस नावं. तुला चाळीस हवी होती, तीन माझ्याकडून वर.

आज सकाळी सगळे धुतलेले कपडे घालून आले. टेबलावर अर्जाची पानं, एकच दौत. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला हात बांधून उभी राहिले, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की बाईने हात धरला. टेमारने लिहिलं आणि कागदाकडे न बघता सरळ बाहेर गेली. बाहेर जाऊन मात्र एवढ्याने हसली की कोंबड्या उडाल्या. लॅझरसला घाम फुटला होता. प्रायमसकाका कुठवर आले विचारतोस? ते शेवटी आले. त्यांना अर्धा तास लागला. बाहेरचे लोक खिडकीला लागून उभे. शेपटी ओढून झाली तेव्हा ते म्हणाले, "दिसतंय का मी?" मी म्हटलं, "स्पष्ट दिसताय काका." मग भाकरी, कोलार्डची भाजी, रताळी, आणि गाणी. अजून चालू आहेत. मी हे पत्र त्या गलक्यातच लिहिते आहे.

कागद जपून उलगड. राळेचे हात आहेत, पानं एकमेकांना चिकटली असतील.

केझिया


रॅले
१६ जानेवारी १८७२

प्रिय ताई,

अर्ज पोचला. पानं खरंच चिकटली होती, सुरीने सोडवली. उघडल्याबरोबर खोलीत आपल्या रानाचा वास पसरला. एकेक नाव मी बोट ठेवून वाचलं.

समितीपुढे ठेवला आहे. थोडी दिरंगाई होईल असं दिसतं. काळजीचं काही नाही, इथे सगळ्यालाच वेळ लागतो. एक विचारायचं होतं. लोकांनी नावं खरोखर स्वतःच लिहिली ना? कोणी कोणाचं लिहून दिलं, कोणी हात धरला, असं काही? आणि प्रत्येकाला थोडंफार आपापलं वळण नाही का लावता आलं? सहज विचारतो.

गावात सगळं ठीक ना? शाळा कशी चालली आहे?

तुझा,
एनोस


हॉली लँडिंग
२२ जानेवारी १८७२

एनोस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचून चुलीत घातलं.

हात धरला का म्हणे. मी लिहिलं होतं ना की हात बांधून उभी होते? आणि आपापलं वळण म्हणजे काय रे? पाच आठवड्यांत त्यांना नावं लिहायला शिकवलं ते थोडं झालं? गोऱ्यांच्या शेजारच्या बाकावर बसायला लागल्यापासून तुला आमची अक्षरं गावठी दिसायला लागली असतील तर तसं सरळ लिही. ज्या हाताने भाषणं लिहितोस, तो हात मी राखेत काडीने वळवला आहे. लाज वाटत असेल तर आधी स्वतःची शेपटी काप.

शाळा चालू आहे. हवा चांगली म्हणून सध्या बाहेर ओकखाली बसतो. एकही दिवस सुटी नाही.

केझिया


रॅले
२७ जानेवारी १८७२

ताई,

जानेवारीत ओकखाली बसवतेस, तुझ्या हट्टापुढे थंडीही हात टेकत असेल. पण आता मी जे लिहितो ते रागावण्याआधी पूर्ण वाच. मी तुझ्यापासून लपवलं. ते अक्षरांची लाज वाटली म्हणून नव्हे.

अर्ज समितीत उघडला त्या दिवशी कॉर्बिनसाहेबांनी पानं टेबलावर पसरली आणि शेजारी माझ्या हाताने लिहिलेलं विधेयक ठेवलं. म्हणाले, "सभासदहो, मोजून घ्या. त्रेचाळीस माणसं आणि हात एकच." मी वाकून बघितलं. खरंच तसं दिसतं, ताई. तीच गोलाई, तीच उभी रेघ, आणि खालून तीच शेपटी, त्रेचाळीस वेळा. आणि माझ्या सहीखालीही तीच. सगळ्यांनी एकाच बाईकडून शिकलेलं, मीही त्याच बाईकडून. हे मी जितकं समजावतो तितके ते हसतात. कॉर्बिन विचारतात, "म्हणजे राळ काढणाऱ्यांच्या आख्ख्या वस्तीने महिन्याभरात बड्या घरच्या मुलींचं वळण उचललं, असंच ना?" असंच आहे, पण ऐकायला मलाच खोटं वाटतं.

आता सगळं सांगतो. माझ्यावर खोटा कागद केल्याचा आरोप आहे. तो टिकला तर अर्ज केराच्या टोपलीत, माझी जागा गेली, आणि वर खटला. शिवाय यापुढे आपल्या कुठल्याही वस्तीचा अर्ज आला की लोक हेच उदाहरण देतील. यातलं वाईट काय ते ऐक. फुल्या असत्या तर हा अर्ज कधीच मंजूर झाला असता. फुली नको हा हट्ट माझा.

समितीने टोपीत चिठ्ठ्या टाकून तीन नावं काढली. प्रायमस स्पेट, टेमार फॉय, लॅझरस मोय. मंगळवारी सहा फेब्रुवारीला या तिघांनी समितीपुढे नाव लिहून दाखवायचं. टोपीत त्रेचाळीस चिठ्ठ्या आणि निघालं कोणाचं नाव, तर सत्तर वर्षांच्या माणसाचं. त्यांना त्रास होणार असेल तर पाठवू नकोस. मी माझं बघून घेईन.

एनोस


हॉली लँडिंग
३१ जानेवारी १८७२

माझ्या बाळा,

बघून घेशील म्हणे. काय बघून घेशील? तिघे शनिवारी निघतात. न्यू बर्नपर्यंत होडीने, पुढे आगगाडीने. प्रायमसकाका पत्र ऐकताच उठून बूट शोधायला लागले. त्यांना त्रास होईल का असं विचारायची माझी हिंमत झाली नाही, तुझी असली तर तूच विचार.

मागच्या पत्रात मी तुला नाही नाही ते बोलले. ते परत घेते. शेपटी कापायचं तेवढं मनावर घेऊ नकोस.

गाव नुसतं उसळलंय. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही ते रुसून बसलेत. मोझली म्हणतो, आपल्याला बोलावलं असतं तर आपण सभापतींचंही नाव लिहून दिलं असतं. अडचण एकच. लॅझरसच्या उजव्या अंगठ्यात परवा खाचा पाडताना कुऱ्हाड लागली, चिंधी बांधली आहे. तरी रोज सराव करतो, तुळया उचलल्यासारखे आवाज काढत.

मी येणार नाही. आले तर तुझे कॉर्बिन म्हणतील, बाई शेजारी होती, तिनेच खुणा केल्या. शिवाय इथे वर्ग आहे. तिघांना बजावलंय की विचारतील तेवढंच लिहायचं, गावाकडचं जास्त काही बोलायचं नाही. टेमारने मान हलवली, पण तिच्या मान हलवण्यावर मी कधी विसंबले नाही.

केझिया


रॅले
८ फेब्रुवारी १८७२

ताई, ताई, ताई,

कुठून सुरू करू? शेवट आधी सांगतो, नाहीतर तू पानं उलटत बसशील. शाळा मिळाली. आज सभागृहात शिक्कामोर्तब झालं. आता नीट बस आणि ऐक.

मंगळवारी समितीची खोली खच्चून भरली होती. वर्तमानपत्रवालेही होते, आमदार कसा पकडला जातो ते बघायला. लांब टेबल, पाच सभासद, मध्ये अध्यक्ष. मला कोपऱ्यात बसवलं आणि एक शब्द बोलायचा नाही असं बजावलं. तिघे आत आले. टेमारने डोक्याला कडक पांढरा रुमाल बांधला होता. ती कॉर्बिनसाहेबांच्या कॉलरकडे अशी बघत होती की बिचाऱ्यांनी ती दोनदा चाचपली.

आधी लॅझरस. त्याने चिंधी सोडून खिशात ठेवली. पहिल्याच अक्षराला जखम उघडली. अध्यक्ष म्हणाले, राहू द्या. तो म्हणाला, "साहेब, अर्ध्यावर सोडलं तर ताई मला पुन्हा पहिल्या बाकावर बसवेल." नाव पूर्ण केलं आणि शेपटी ओढली. अध्यक्षांनी अर्जाचं पान शेजारी धरलं. एका सभासदाने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. हुबेहूब होतं, ताई, नुसता रक्ताचा एक थेंब जास्त.

तेव्हा कॉर्बिन म्हणाले, "माणसाला एक चित्र काढायला शिकवता येतं. पोपटालाही एक वाक्य येतं. यांना नावाखेरीज दुसरं काहीतरी लिहायला सांगा." मी कोपऱ्यात खुर्ची घट्ट धरली. तू त्यांना नावं शिकवलीस हे मला माहीत होतं. त्यापुढे कोण किती आलं ते तू कधी लिहिलं नव्हतंस.

प्रायमसकाकांची पाळी होती. आधी नाव लिहिलं. मग कॉर्बिन म्हणाले, "आता दुसरं काहीही, तुमच्या मनात येईल ते." काका बराच वेळ विचार करत राहिले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी टाक बुडवला आणि एकच शब्द लिहिला, सावकाश, आणि त्याच्याखाली तीच लांब शेपटी. अध्यक्षांनी वाचलं. "साब्रा. हे कोण?"

"बायको," काका म्हणाले.

कॉर्बिन लगेच म्हणाले, "हे नाव अर्जावर नाही."

"ती इथे नाही साहेब. बावीस वर्षांपूर्वी तिला अलाबामाकडे विकली. तिचं नाव कुठल्याच कागदावर नसेल, म्हणून म्हटलं इथे लिहावं."

कॉर्बिन खाली बघून कागद सारखे करत राहिले. मी रडत होतो हे मला शेजारच्याने रुमाल दिला तेव्हा कळलं.

मग टेमार. अध्यक्षांचा आवाज एव्हाना बदलला होता. ते म्हणाले, "बाई, तुम्ही ज्या शाळेत शिकलात त्या शाळेबद्दल एखादं वाक्य लिहा." तिने माझ्याकडे एकदा बघितलं, काहीशी अपराधी. टेमार आणि अपराधी, मला आधी ओळखूच आली नाही. लिहिलं, सरळ ओळीत, भराभर. अध्यक्षांनी कागद घेतला, वाचला, आणि मला हाक मारून म्हणाले, "आपल्या गावच्या बाईंनी लिहिलंय, आपणच वाचून दाखवा."

मी उभा राहून मोठ्याने वाचलं. "आमची शाळा चौदा जानेवारीला कोणीतरी जाळली. वर्ग चालू आहे."

ताई, पाऊण तास बोलणारा तुझा भाऊ तेवढं वाचून खाली बसला. जानेवारीत ओकखाली, हवा चांगली म्हणून. आणि मी तुझ्या हट्टाची थट्टा केली. मी इथे त्या खोलीऐवजी मोठी इमारत मागत होतो, आणि तिकडे छप्पर, बाकं, मोझलीने मोडलेलं बाकसुद्धा, सगळ्याची राख झालेली.

अध्यक्षांनी टेमारला विचारलं, "शाळाच नाही तर तुम्ही हे शिकलात कुठे?" ती म्हणाली, "थोडं आत, बाकी बाहेर. पाटी जमिनीची, पाऊस आला की चर्चच्या ओसरीवर. खोली जळली म्हणून ताईने शुद्धलेखन माफ केलं नाही." सगळे हसले, पण ताई, हे ते पहिलं हसणं नव्हतं. मग तीच कॉर्बिनना म्हणाली, "साहेब, सगळ्यांचं अक्षर सारखं आहे ही तुमची तक्रार खरी आहे. एका बाईने किती जणांना शिकवायचं? तुम्ही अजून शिक्षक द्या, अजून वळणं येतील."

मत तीन विरुद्ध दोन. कॉर्बिन विरोधातच राहिले, पण आरोप मागे घेतो असं त्यांनी स्वतः उठून सांगितलं. जाताना प्रायमसकाकांसाठी दार धरून उभे राहिले. काका त्यांना म्हणाले, "आभारी आहे," आणि इतक्या सावकाश बाहेर पडले की साहेबांचा हात दुखला असेल. आज सभागृहात नावाने मतं घेतली. इमारतीचं लाकूड, खिडक्या, शेगडी, आणि चार महिने पगारी शिक्षक. शिक्षक कोण ते मी लिहून द्यायचं होतं. दिलं. तुला विचारलं नाही.

तू माझ्यापासून लपवलंस त्याचा राग मला यायला हवा. भेटलीस की रागावेन. आज जमत नाही.

तुझा,
एनोस


हॉली लँडिंग
१९ फेब्रुवारी १८७२

एनोस, माझ्या राजा,

तिघे गुरुवारी उतरले. होडी वळणावर दिसली तशी टेमारने उभं राहून रुमाल हलवायला सुरुवात केली, होडी कलंडली, आणि शाळा मिळाल्याची बातमी गावाला तिघे गुडघाभर पाण्यात असताना कळली. तेव्हापासून इथे कोणी शुद्धीवर नाही. पास्तरांनी घंटा इतकी वाजवली की दोर तुटला. मोझलीने आजच येऊन जागा मोजली, बाकं कोणत्या मापाची हवीत ते सरकारला कळवायला सांगतो. लॅझरस अंगठा दाखवत घरोघर फिरतो आणि जेवूनच उठतो.

लपवलं, हो. त्या रात्री खोली जळत होती तेव्हा माझ्या मनात दोनच गोष्टी आल्या. अर्ज आधीच तुझ्याकडे पोचला असणार, आणि तुला कळलं तर तू सगळं टाकून घरी येशील. तू घरी आलास की जाळणाऱ्यांचं काम झालंच. म्हणून सोमवारी सकाळी सगळ्यांना ओकखाली बसवलं. धूर येत होता, पोरं खोकत होती, तरी पाढे म्हणवले. मला भीती वाटत होती, एनोस. तुला लिहिलं असतं तर ती तुझ्यापर्यंत पोचली असती, आणि तुला तिथे ताठ उभं राहायचं होतं. कोणी केलं ते आम्हाला अंदाजाने ठाऊक आहे. नवी खोली उभी राहिली की आळीपाळीने तिथे झोपायचं असं ठरलंय.

शिक्षक म्हणून माझं नाव घातलंस. विचारलं नाहीस म्हणून तुझा कान धरणार होते. मग तू पाठवलेल्या नेमणुकीच्या कागदावर माझं नाव पाहिलं, छापलेलं, शेपटीशिवाय. दिवसभर मी तो कागद खिशात घेऊन फिरले.

आता एक काम. सोबत दुसरा कागद आहे, तो तुमच्याकडच्या चर्चच्या वर्तमानपत्राला दे. ते लोक दक्षिणेतल्या सगळ्या चर्चमध्ये अंक पाठवतात आणि पास्तर रविवारी वाचून दाखवतात असं ऐकलंय. प्रायमसकाका रॅलेहून आले त्या दुपारीच माझ्याकडे कागद मागायला आले. चार दिवस दुसरं काही केलं नाही. जे शब्द येत नव्हते तेवढे मी जमिनीवर काढून दिले, बाकी सगळं त्यांचं. मी काही दुरुस्त केलेलं नाही. तूही करू नकोस, छापणाऱ्यालाही करू देऊ नकोस.

तुझी ताई,
केझिया


हॉली लँडिंग, नॉर्थ कॅरोलायना
फेब्रुवारी १८७२

संपादक साहेब,

मी माझी बायको साब्रा हिला शोधतो आहे. बावीस वर्षांपूर्वी तिला इथून अलाबामाकडे नेली. तेव्हा ती तीस वर्षांची होती. डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग आहे. ती गाते. मी तेव्हा नुसता प्रायमस होतो, आता प्रायमस स्पेट आहे. मी दुसरं लग्न केलं नाही. तिने केलं असेल तर माझा राग नाही, जिवंत आहे एवढं कळवावं. आमच्या गावाला सरकारी शाळा होते आहे, मी तिच्या जवळ राहतो, कोणीही घर दाखवेल. जो कोणी हे साब्राला वाचून दाखवेल त्याने तिला हा कागदही दाखवावा, आणि सांगावं की हे प्रायमसने कोणाकडून लिहून घेतलं नाही.

प्रायमस स्पेट